बोलतं करणारे रेडिओवाले आजोबा

मुलांनो, एक प्रश्न विचारते. उद्या कोणी तुमच्या हातात माईक दिला आणि सांगितलं, 'जा, कोणाची तरी मुलाखत घेऊन या,' तर तुम्ही कोणाकडे जाल?

हाच प्रश्न मी आमच्या चौथीच्या वर्गात विचारला होता. कोणी क्रिकेटपटूचं नाव घेतलं, कोणी सिनेमातल्या हिरोचं. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, माझी आजी चालेल?" सगळा वर्ग खो खो हसला. ती बिचारी गोरीमोरी होऊन खाली बसली. मग मी पुस्तक मिटलं आणि वर्गाला एका रेडिओवाल्या आजोबांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

या आजोबांचं नाव स्टड्स टर्कल. जन्म १६ मे १९१२ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरातला. खरं नाव लुईस. 'स्टड्स' हे टोपणनाव त्यांना एका कादंबरीतल्या नायकावरून मिळालं. ते आठ वर्षांचे असताना त्यांचं कुटुंब शिकागोला आलं. वडील शिंपी होते. शिकागोत आईवडिलांनी आधी खोल्या भाड्याने दिल्या, मग एक छोटं हॉटेल चालवलं. तिथे कामगार, कामाच्या शोधात आलेले, काम सुटलेले असे नाना तऱ्हेचे लोक उतरत. संध्याकाळी बैठकीत त्यांच्या गप्पा आणि वादावादी रंगायची. छोटा लुईस कान टवकारून ऐकत बसायचा. हीच त्याची खरी शाळा म्हणा ना!

पुढे ते कायदा शिकले, १९३४ साली पदवीही घेतली. पण वकिली काही केली नाही. रेडिओच्या नाटकांत गुंडांच्या भूमिका केल्या, मग टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम मिळाला. सगळं छान चाललं होतं आणि मध्येच घोडं अडलं.

काय झालं, तर स्टड्स यांनी काही अर्जांवर सह्या केल्या होत्या. काळ्या लोकांना वेगळी वागणूक देऊ नका, अशा मागण्या त्यांत होत्या. पण १९५० च्या सुमारास अमेरिकेत अशा माणसांकडे संशयाने बघत. त्यांना सुचवण्यात आलं, 'मला फसवून सह्या घेतल्या, एवढं म्हणा की झालं!' स्टड्स म्हणाले, मला कोणी फसवलेलं नाही. झालं! टीव्हीवरचा कार्यक्रम बंद पडला आणि कामं मिळेनाशी झाली.

अशा वेळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली महेलिया जॅक्सन ही थोर काळी गायिका. १९५४ मध्ये एका मोठ्या रेडिओ कंपनीवर तिचा कार्यक्रम सुरू झाला आणि स्टड्स तिच्याबरोबर काम करू लागले. कंपनीचा माणूस एक कागद घेऊन आला. 'मी देशाशी एकनिष्ठ आहे' अशी शपथ त्यावर होती. स्टड्स यांनी सही करायला नकार दिला. महेलिया त्या माणसाला म्हणाली, याला काढलंत तर दुसरी महेलिया शोधा! कागद गुपचूप परत गेला. आहे की नाही मैत्री?

शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी या रेडिओ केंद्रावर स्टड्स १९५२ पासून १९९७ पर्यंत बोलत राहिले. म्हणजे तब्बल ४५ वर्षं! त्यांनी लेखक, गायक, शास्त्रज्ञ यांच्या मुलाखती घेतल्या. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशीही ते बोलले. पण त्यांचा जीव रमायचा तो साध्या माणसांत. १९७४ साली त्यांचं 'वर्किंग' नावाचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात शंभरावर माणसं आपापल्या कामाबद्दल बोलली आहेत. थडगं खणणारा, हॉटेलात वाढणारी बाई, गवंडी, पियानो सुरात लावणारा, इतकंच काय, घरोघरी वर्तमानपत्र टाकणारी मुलंसुद्धा! दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींवरच्या पुस्तकाला तर १९८५ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

आता गंमत ऐका. या एवढ्या मोठ्या मुलाखतकाराला टेपरेकॉर्डर नीट चालवता येत नसे! चुकीचं बटण दाबलं जाई, टेप फिरतच नसे. मग समोरचा माणूसच म्हणे, 'थांबा, मी दाखवतो.' आणि तिथेच त्याची भीड चेपायची. रेडिओवरचा मोठा माणूस आपल्यासारखाच धडपडतोय म्हटल्यावर तो मोकळेपणाने बोलू लागायचा.

एकदा ते गरीब वस्तीतल्या एका आईशी बोलले. तिची मुलं भोवती नाचत होती. त्यांना आईचा आवाज ऐकायचा होता. टेप लावली. स्वतःचं बोलणं ऐकून ती बाई थक्क झाली. आपल्या मनात असं काही आहे, हे तिला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं! कारण तिला कोणी कधी विचारलंच नव्हतं.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी, ९६ व्या वर्षी स्टड्स आजोबा गेले. त्यांच्या हजारो मुलाखती मात्र जपून ठेवल्या आहेत.

आता आमच्या वर्गातल्या त्या मुलीचं काय झालं? सोमवारी ती दोन पानं लिहून घेऊन आली. तिची आजी १९७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांची होती. आईबरोबर खडी फोडायला जायची. 'हाताला फोड आले की काय करायचीस? खायला काय मिळायचं?' असे प्रश्न नातीने विचारले होते. आजीने सुकडीची चवसुद्धा सांगितली होती. शेवटी ती म्हणाली, "बाई, आपण शाळेला येतो ना, तो रस्ता माझ्या आजीनं केलाय." या वेळी कोणी हसलं नाही. सुट्टी झाल्यावर चार-पाच मुलं तिच्यामागे लागली, "आम्हाला भेटव ना गं तुझी आजी!"

तर मित्रांनो, तुम्हीही करून बघा. आधी त्या माणसाच्या कामाची थोडी माहिती काढा. स्टड्स आजोबा लेखकाला बोलावण्याआधी त्याचं पुस्तक वाचून काढत. पहिला प्रश्न सोपा विचारा. 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर संपेल असा प्रश्न नको. माणूस थांबला तर घाई करू नका, त्याला आठवू द्या. मोबाईलवर आवाज टिपणार असाल तर आधी परवानगी घ्या. आणि हो, शेवटी त्यांचा आवाज त्यांनाही ऐकवायला विसरू नका.

मग, कोणापासून सुरुवात करताय?