गहराई

मानसशास्त्रीय वळणाचा एक उल्लेखनीय परंतु तुलनेने दुर्लक्षित हिंदी भयपट (१९८०). दिग्दर्शन अरुणा राजे व विकास देसाई यांचे. पुणे येथील फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियामध्ये शिक्षण घेतलेल्या या दांपत्याने ‘अरुणा–विकास’ या संयुक्त नावाने शक (१९७६) हा रहस्यपट दिग्दर्शित केला होता. गहराईच्या पटकथालेखनात विजय तेंडुलकर यांचा प्रमुख वाटा असून संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे आहे.

चित्रपटाची पार्श्वभूमी कर्नाटकातील आहे. बंगळूर येथे नोकरीत असलेला चेन्नबसप्पा (श्रीराम लागू) आपली गावाकडची वडिलार्जित जमीन एका कारखानदारास विकतो. जमिनीला आई मानणारा तेथील राखणदार बसवा या व्यवहाराने दुखावतो. पुढे चेन्नबसप्पाची किशोरवयीन कन्या उमा (पद्मिनी कोल्हापुरे) विचित्र वागू लागते. बसवाच्या पत्नीशी पित्याने पूर्वी केलेल्या अनाचाराचा उच्चार तिच्या मुखातून होतो. बुद्धिवादी पिता वैद्यकीय उपचारांचा आग्रह धरतो. घरातील इतर मंडळी मात्र मांत्रिकांकडे वळतात. त्यांपैकी एक (अमरीश पुरी) मुलीचाच आपल्या अघोरी साधनेसाठी उपयोग करू पाहतो, तर दुसरा (सुधीर दळवी) तिच्या मुक्तीसाठी झटतो. मुलाची भूमिका अनंत नाग यांनी व पत्नीची इंद्राणी मुखर्जी यांनी केली आहे.

पछाडलेली मुलगी हा विषय द एक्झॉर्सिस्ट (१९७३) या अमेरिकन चित्रपटाची आठवण करून देतो. तेथे संघर्ष धर्मश्रद्धा व सैतान यांच्यात आहे. येथे मात्र भयाचे मूळ कुटुंबप्रमुखाने केलेल्या आणि दडपून ठेवलेल्या अन्यायात आहे. रामसे बंधूंच्या दो गज़ जमीन के नीचे (१९७२) सारख्या भयपटांतील विद्रूप प्रेतांऐवजी गहराईत भय निर्माण होते, ते एका नित्याच्या मध्यमवर्गीय घरात. तेंडुलकरांनीच लिहिलेल्या आक्रोश (१९८०) या चित्रपटात अत्याचारपीडित नायक मौन पाळतो. गहराईत अत्याचाराला वाचा फुटते, परंतु ती अपराध्याच्या निरपराध मुलीच्या देहातून. पित्याच्या कृत्याची शिक्षा अशा रीतीने दुसऱ्या एका स्त्रीलाच भोगावी लागते. ही विसंगतीच चित्रपटाचा गाभा होय.

करणी व भूतबाधा यांना कथानकात प्रत्यक्ष स्थान असल्याने हा चित्रपट अंधश्रद्धेला बळ देतो, असा आक्षेप घेता येईल. स्वतः निरीश्वरवादी असलेल्या व व्यवसायाने शल्यचिकित्सक राहिलेल्या लागूंनी रंगविलेला बुद्धिवादी पिता अखेर हतबल ठरतो, हेही या संदर्भात लक्षणीय आहे. तथापि उपचाराच्या नावाखाली मुलीच्या देहाची होणारी विटंबना चित्रपट झाकत नाही. भूत उतरविण्याच्या निमित्ताने केलेली मारहाण व छळ हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला. त्याच्या तीन दशकांहून अधिक आधी या छळाचे कौटुंबिक रूप गहराईने पडद्यावर आणले होते.