कियांतीचे द्राक्ष, अकलूजचा माळ

पिंपरी-चाकण पट्ट्यातून नारायणगावकडे निघाल्यास जुन्नर तालुक्यात द्राक्षांचे मांडव लागतात. त्यांवरील फळ प्रामुख्याने खाण्याचे असते. वाइनच्या द्राक्षाची जातकुळी निराळी. त्याचा मणी लहान व बियांचा. त्याचे मोल रसातील साखर, आंबटपणा आणि सालीतील रंग यांच्या मेळावर ठरते. सांजोव्हेजे हा इटालियन वाण त्यांपैकीच होय. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली कंपनीने त्याची लागवड केली आहे. या इटालियन शब्दाचा अर्थ ‘भाऊ’. अकलूजचे मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरच्या भावांनी ही कंपनी उभारली.

या वाणाचे माहेर म्हणजे फ्लोरेन्स व सिएना यांमधील कियांतीच्या टेकड्या. टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो यांनी 1716 साली जाहीरनामा काढून या प्रदेशाची हद्द आखली. आजही ‘कियांती क्लासिको’ या नावाने विकावयाच्या वाइनमध्ये किमान 80 टक्के सांजोव्हेजे असावे लागते. तेथील जमीन खडकाळ व निचऱ्याची. आपल्याकडे अशा जमिनीस माळ म्हणून नावेच ठेवली जातात. पण तीत वेल माजत नाही, घड मोजके येतात व रस दाट होतो. हिवाळ्यात वेल पाने गाळून विश्रांती घेतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ पिकताना हवा गार होत जाते, त्यामुळे आंबटपणा टिकतो. हा तरतरीत आंबटपणा व चेरीसारखा गंध यांमुळेच तेथील लाल वाइन जेवणासोबत आवडीने घेतली जाते.

महाराष्ट्रात ऋतुमान उलटे पडते. वेलास हिवाळी विश्रांती नसते. म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी करावी लागते. फळ पिकते ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना. साखर भराभर वाढते, आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो, आणि सालीतील रंग मागे राहण्याचा संभव असतो. अशा वेळी तोडणी थोडी लांबली तरी वाइन बेचव होते. यास्तव वेलीवर घड बेताचे ठेवावेत, पक्वतेच्या काळात मणी वरचेवर तपासावेत आणि तोडणी पहाटेच्या गारव्यात उरकावी. या वाणाची साल पातळ असल्याने अवकाळी पावसात मणी कुजण्याची भीतीही असते.

कृषी सहायकांनी शेतकऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. हे फळ खाण्याच्या द्राक्षाप्रमाणे बाजारात खपत नाही. नाशिक भागात 2009 च्या सुमारास वाइनची मागणी घसरली, तेव्हा अनेकांना वाइनच्या बागा उपटाव्या लागल्या. म्हणून रोप लावण्यापूर्वीच खरेदीचा लेखी करार करावा. त्यात दर, साखरेचे किमान प्रमाण, तोडणीचा दिवस कोण ठरविणार आणि माल नाकारल्यास नुकसान कोणी सोसावयाचे, हे स्पष्ट लिहून घ्यावे.