घंटांचे गणित : आठ दोर, चाळीस हजार क्रम

पुण्याच्या गुरुवार पेठेतील पंचहौद परिसरात पवित्र नाम देवालयाचा उंच मनोरा उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटांचा संच बसवण्यात आला. ‘चेंज रिंगिंग’ म्हणजेच क्रमबदल-वादन या नावाने ओळखली जाणारी इंग्रजी पद्धती अशाच संचांवर वाढली. या वादनात राग नसतो, धून नसते. असतो तो केवळ क्रम, आणि तो सतत बदलत राहतो.

मराठी मुलखाला चर्चची घंटा नवी नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर पोर्तुगीज घंटा विजयचिन्हे म्हणून अनेक देवळांत टांगल्या गेल्या. अठराव्या शतकात झाशीचे सुभेदार राहिलेले नारोशंकर यांनी नाशिकच्या पंचवटीत बांधलेले मंदिर तर अशाच घंटेमुळे प्रसिद्ध आहे. मात्र ती एकट्या घंटेची हाक होय. क्रमबदल-वादनाला अनेक घंटा आणि तितकीच माणसे लागतात.

या पद्धतीत प्रत्येक घंटा एका मोठ्या चाकाला जोडलेली असते. दोर ओढला की घंटा तोंड वर असलेल्या स्थितीतून निघून पूर्ण वर्तुळ फिरते, एक ठोका देते आणि पुन्हा तोंड वर करून क्षणभर थांबते. शेकडो किलो वजनाची ही वस्तू मनाला येईल तेव्हा वाजवता येत नाही. वादक तिला तोलावर किंचित रोखू शकतो किंवा किंचित लवकर खाली आणू शकतो. म्हणूनच एका फेरीतून दुसरीत जाताना कोणतीही घंटा फार तर एकच जागा पुढे वा मागे सरकते. वजनामुळे आलेली ही मर्यादाच या कलेचा पहिला नियम ठरली. दुसरा नियम असा, की ठरलेल्या वादनात कोणताही क्रम दोनदा येता कामा नये.

चार घंटांचे उदाहरण घेऊ. सर्वांत बारीक आवाजाची घंटा १ आणि सर्वांत जड घंटा ४. आरंभी १२३४ असा उतरता क्रम वाजतो. मग दोन्ही जोड्या जागा बदलतात : २१४३. त्यानंतर केवळ मधली जोडी : २४१३. असेच आळीपाळीने चालू ठेवल्यास ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४ असे क्रम येतात आणि आठव्या बदलाला पुन्हा १२३४ उमटतो. परंतु चार घंटांचे क्रम तर २४ आहेत; उरलेले १६ कुठे गेले? त्यासाठी १३२४ नंतर मधल्या जोडीऐवजी शेवटची जोडी बदलतात. त्यामुळे १३४२ हा नवा क्रम मिळतो. हीच युक्ती तीन वेळा केली की २४ही क्रम प्रत्येकी एकदाच वाजून मूळ क्रम परत येतो. अशा ठरावीक आराखड्याला ‘मेथड’ म्हणतात.

घंटा वाढल्या की संख्या झपाट्याने वाढते. सात घंटांचे ५,०४० क्रम होतात, तर आठांचे ४०,३२०. एवढ्या फेऱ्यांसाठी केवळ मेथड पुरत नाही. वादनाचा सूत्रधार ठरलेल्या क्षणी ‘बॉब’ किंवा ‘सिंगल’ अशी हाक देतो आणि काही घंटांचा मार्ग बदलतो. या हाका कुठे द्यायच्या याची आखणी म्हणजे ‘कॉम्पोझिशन’. एक हाक चुकली आणि जुना क्रम पुन्हा आला, तर तीन तासांचे श्रम असत्य ठरतात. वादकांसमोर कागद नसतो; सारे मुखोद्गत असावे लागते.

फेबियन स्टेडमन यांच्या १६७७ च्या ‘कॅम्पनॅलॉजिया’ या ग्रंथाने या शास्त्राला घडण दिली. २ मे १७१५ रोजी नॉर्विच येथे सात घंटांच्या ५,०४० बदलांचे पूर्ण वादन झाले. १९६३ मध्ये लफबरो येथे आठ वादकांनी सर्व ४०,३२० बदल सुमारे १८ तासांत, वादक न बदलता पूर्ण केले.

५,०४० ही संख्या महाराष्ट्रालाही जुनी ओळखीची आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारातील शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात सात स्वरांचे नेमके एवढेच क्रम सांगितले आणि कोणता क्रम कितवा हे शोधण्यासाठी ‘खंडमेरू’ ही सारणी दिली. त्याआधी ११५० च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी ‘अंकपाश’ प्रकरणात हाच विषय हाताळला होता. फरक इतकाच, की प्रस्तारात क्रमांची मांडणी केली जाते, तर मनोऱ्यात एका क्रमातून दुसऱ्यात जाण्याची वाट शेजाऱ्याशी जागा बदलूनच शोधावी लागते.

या कलेचे भवितव्यही त्याच शेजारधर्मावर अवलंबून आहे. एकट्याने रियाज करून ती जिवंत ठेवता येत नाही. घंटा हाताळायला शिकण्यातच कित्येक आठवडे जातात. दोर झिजतात, चाके दुरुस्तीला येतात. आठपैकी एक वादक गाव सोडून गेला, तर आठ घंटांचे वादन अडते. धातू शतकभर टिकतो. टिकवायची असते ती एका वेळी एकत्र येणारी आठ माणसे.