घाट उतरताना ब्रेक मऊ का पडतो?

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे आंबेनळी घाट उतरताना ब्रेकचे पेडल एकाएकी स्पंजासारखे खोल जाऊ लागले, तर दोष बहुधा ब्रेक ऑइलमध्ये असतो. पायाचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारा हा द्रव हवेतील बाष्प शोषत राहतो. त्यामुळे डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू, म्हणजे ते उकळू लागण्याचे तापमान, किमान २०५ अंश सेल्सिअस असले, तरी ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ते १४० अंशांपर्यंत उतरू शकते (डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत). सतत दाबलेल्या ब्रेकच्या उष्णतेने असे ऑइल उकळले की नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ सहज आकुंचन पावत असल्याने पायाचा जोर तिथेच जिरतो. याउलट पेडल घट्ट असूनही गाडी थांबत नसेल व जळका वास येत असेल, तर तापलेल्या पॅडचे घर्षण घटलेले असते. हा फरक चालकाने नीट सांगणे फार आवश्यक आहे, कारण गाडी थंड झाल्यावर दोन्ही लक्षणे मावळतात आणि गॅरेजमध्ये सारे ठीक दिसते. पॅडच्या बाबतीत खालच्या गिअरमध्ये उतरणे पुष्कळदा पुरते. जुने ऑइल मात्र बदलावेच लागते, आणि त्या वेळी चाकाजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावून, बुडबुडे येणे थांबेपर्यंत आतील हवा काढली जाते.