कोऱ्या फितीवरील पट्टी आणि कलावंताचे ऋण

१९४८ साली देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. त्याच वर्षी कुमार गंधर्व प्रकृतीसाठी देवासच्या कोरड्या हवेत राहावयास आले. त्यापूर्वी रजबअली खाँसारख्या गवयाचा योगक्षेम दरबार पाहत असे. पुढे ते दायित्व श्रोत्यांवर आले आणि श्रोत्यांच्या हाती ध्वनिमुद्रणाचे यंत्र आले. मैफलींच्या फिती एका घरातून दुसऱ्या घरात उतरवून घेतल्या जाऊ लागल्या. आमच्याही घरी अशा फितींची एक पेटी आहे. कोऱ्या फितीचे दाम आम्ही दुकानदारास दिले. गाणाऱ्यास काय दिले, असे कोणी पुसल्यास आम्हांस मान खाली घालावी लागेल.

हाच प्रश्न पश्चिम जर्मनीत न्यायालयापुढे आला. घरी केलेल्या ध्वनिमुद्रणासही रचनाकाराची अनुमती हवी, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली दिला. परंतु ती घेतली की नाही, हे पाहावयास घरोघर कोणी जावे? विक्रेत्यांनी यंत्रे घेणाऱ्यांची ओळख पटवून घ्यावी, ही रचनाकारांच्या संस्थेची मागणी त्याच न्यायालयाने १९६४ साली अमान्य केली. तेव्हा १९६५ च्या कायद्याने मधला मार्ग काढला : घरगुती प्रत करण्यास मोकळीक, मात्र यंत्र बनविणाऱ्याने विक्रीच्या रकमेपैकी कमाल ५ टक्के रचनाकारादिकांस द्यावेत. १९८५ साली कोऱ्या फितींवरही आकार बसला. घरपट्टी, पाणीपट्टी म्हणतो तशी हिला आपण 'प्रतिपट्टी' म्हणू.

तिची रीत सोपी आहे. कारखानदार किंवा आयात करणारा व्यापारी ती भरतो व मालाच्या किमतीत मिळवितो. जमलेली रक्कम कलावंतांच्या संस्थांकडे जाते आणि कवी, संगीतकार, गायक-वादक व ध्वनिमुद्रिका काढणारे यांच्यांत वाटली जाते. कोणाच्या घरात डोकवावे लागत नाही. अमेरिकेनेही १९९२ साली अंकीय ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांवर २ टक्के व कोऱ्या साधनांवर ३ टक्के आकार लावला.

आक्षेप दोन आहेत. जो संगीताची प्रत करीत नाही, त्यालाही पट्टी पडते, हा पहिला. धंद्याच्या कामासाठी घेतलेल्या साधनांवर ती सरसकट बसविता येत नाही, असे युरोपीय न्यायालयाने २०१० साली ठरविले. दुसरा आक्षेप आम्हांस अधिक टोचतो. घरात कोणते गाणे उतरविले, हे कोणास ठाऊक नसते. म्हणून वाटणी बहुधा प्रक्षेपण, विक्री व नमुना-पाहणी यांच्या अंदाजाने होते. साहजिकच ज्याचे गाणे सर्वत्र वाजते, त्याचा वाटा मोठा. मैफलीत एकदाच उमटलेली बंदिश या हिशेबात बसत नाही. फ्रान्समध्ये जमेचा चौथा हिस्सा नवनिर्मिती, प्रत्यक्ष प्रयोग व कलाशिक्षण यांसाठी राखून ठेवतात, तो याच दृष्टीने आम्हांस मोलाचा वाटतो.

आपल्याकडे अशी पट्टी नाही. १९५७ च्या कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गायक-वादकांस प्रथमच स्वतंत्र हक्क मिळाला. परंतु स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिकपणे अध्यापनासाठी केलेले मुद्रण त्यातून वगळले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराच्या उत्पन्नात कलावंतास वाटा मिळाला. घरगुती प्रतीचा मोबदला मात्र शून्यच राहिला. आता फितीची जागा भ्रमणध्वनीने घेतली असून प्रत एका क्षणात होते.

शाळेत मुलांना मालवी लोकगीते ऐकवून त्यांवरून उमललेला राग समजावून देताना आम्ही अशाच मुद्रणांचा आधार घेतो. कायदा आम्हांस अडवीत नाही. तथापि कायद्याची मुभा म्हणजे ऋणफेडीची पावती नव्हे. पूर्वी एक दरबार जे देत असे, ते हजारो श्रोत्यांनी पै-पैशाने द्यावे, एवढाच या पट्टीचा अर्थ आहे; आणि त्या पेटीकडे पाहिले की आमची पै द्यावयाची राहिली आहे, हे आम्हांस आठवते.