बोट उचलण्याचा रियाज

लग्नसराईत टेंभुर्णीहून कुर्डुवाडी, अकलूज किंवा पंढरपूर, कुठलाही रस्ता धरा, वाटेत एखाद्या गावात परण्या आडवा येतोच. नवरदेव घोड्यावर, पुढं हलगी आणि ताशा, मागं जनरेटर नि भोंग्यांचा टेम्पो, आणि टेम्पोच्या हौद्यात स्टँडवर ठेवलेला बेंजो. नाचणाऱ्या पोरांचं लक्ष गाण्याकडं असतं. कडेला उभ्या असलेल्या एखाद्या शाळकरी पोराचं मात्र बेंजो मास्तरांच्या डाव्या हाताकडं. बटणांवरून बोटं पळतात आणि भोंग्यातून गाणं बाहेर पडतं. कुठलं बटण कधी दाबायचं एवढं कळलं की झालं, असं बघणाऱ्याला वाटतं. शिकायला येणारे बहुतेक जण हाच समज घेऊन येतात आणि तो निघायला बरेच दिवस जातात.

हा बेंजो म्हणजे कातडं मढवलेला, गिटारीसारखा छातीशी धरायचा अमेरिकी बेंजो नव्हे. त्याचं मूळ आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांच्या वाद्यांत आहे. अर्ल स्क्रग्ज (१९२४–२०१२) यांनी तीन बोटांनी तारा छेडण्याची पद्धत तिकडं घराघरांत नेली. मोबाईलवर बेंजोचे धडे शोधणाऱ्याला आधी तेच धडे सापडतात आणि त्यातलं इथं फारसं काही लागू पडत नाही. आपला बेंजो जपानकडून आला. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य तयार केलं. भारतात त्याचा बुलबुल तरंग झाला, बलुचिस्तानात बेंजू झाला, आणि मुंबईच्या गल्ल्यांत पिकअप लावून तो मिरवणुकीत उतरला. रवी जाधव यांनी २०१६ साली याच बेंजो पार्ट्यांवर ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, त्यात रितेश देशमुख होते. पडद्यावर वाद्य झळकलं. ते हाताला कसं बसतं हे बघायला मात्र तालमीच्या खोलीतच जावं लागतं.

खोली बहुधा घराचीच पुढची असते. भिंतीला टेकवलेले भोंगे, कोपऱ्यात ऑक्टोपॅड, आणि सतरंजीवर बेंजो. लाकडी पेटीवर पोलादी तारा ताणलेल्या, एका टोकाला त्या पिळायच्या चाव्या, दुसऱ्या टोकाला घोडी. मधे बटणांच्या दोन ओळी, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या हिशेबानं मांडलेल्या. बटण दाबलं की त्याखालची पत्र्याची पट्टी तारेवर टेकते, तारेची वाजणारी लांबी कमी होते आणि स्वर चढतो. डावा हात बटणांवर, उजव्या हातात नखी. काहीच दाबलं नाही तर मोकळी तार वाजते, आणि तोच सा.

सगळी गोम या मोकळ्या तारेत आहे.

भजनी मंडळात पेटी वाजवलेला पोरगा बेंजोवर बसला की पाच मिनिटांत एखादी आरती काढून दाखवतो. स्वर बरोबर असतात, तरी गाण्यामागं काहीतरी सतत खणखणत राहतं. कारण पेटीची पट्टी सोडली की तो स्वर बंद होतो. बेंजोचं बटण सोडलं तर तार गप्प बसत नाही. ती मोकळी होते आणि मधेच सा बोलून जाते. ‘ग’वरून ‘म’वर जाताना ‘ग’ आधी सुटला तर दोन्हींच्या फटीत ‘सा’ घुसतो. घरात ते कानाला लागतही नाही. तेच पिकअपमधून भोंग्यावर गेलं की प्रत्येक फट गावाला ऐकू येते.

म्हणून पहिला धडा दाबायचा नसून उचलायचा असतो. एका तारेवर दोन बटणं एकदम दाबलेली असली, तर घोडीच्या जवळचं, म्हणजे वरच्या स्वराचं बटण वाजतं. खालचं दाबलेलं असूनही नसल्यासारखं. ही एक गोष्ट समजली की अर्धी वाट सरते. चढताना खालचं बोट तसंच ठेवायचं, वरचं दाबायचं आणि मगच खालचं सोडायचं. उतरताना उलट: खालच्या स्वराचं बोट आधी जाऊन बसलेलं हवं, तरच वरचं उचलायचं. ‘सा रे ग म’ चढवणं पोरांना लवकर जमतं; ‘म ग रे सा’ उतरवताना सगळे अडखळतात, कारण बोटाला स्वर वाजायच्या आधी तिथं पोचायचं असतं. त्यामुळं जाणते मास्तर अवरोहापासून सुरुवात करून घेतात. तीन-तीन स्वरांचे पलटे उतरत्या क्रमानं, साठाच्या लयीत, म्हणजे सेकंदाला एक मात्रा. शिकाऊ घाई करतो आणि मास्तर ओरडतात, “आरं, लई पळतुस. बोट पोचू दे की आधी!”

दोन बोटांनी वाजवायची सवय तर पहिल्याच दिवशी मोडावी लागते. तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यावर गाणं निघतं खरं, पण उतरताना पुढच्या स्वरावर आधी बसायला बोटच शिल्लक राहत नाही. चारही बोटं कामाला लावली की हात जागच्या जागी राहतो आणि सरकतो तेव्हा चार स्वरांची मजल एकदम मारतो. करंगळीला जोर नसतो, म्हणून तिचा पलटा वेगळा घ्यायचा: अनामिका आणि करंगळी, दोघींनीच, पाच मिनिटं. यात गाण्याची मजा काही नाही, आणि बरीच पोरं इथंच गळतात.

दुसरी खोड जोरानं दाबण्याची. बटण जितकं रेटाल तितकी तार जास्त ताणली जाते आणि स्वर चढा लागतो. “दाबू नगंस, निस्तं टेकव,” हे वाक्य तालमीत सारखं कानावर पडतं. तार पट्टीला स्वच्छ टेकण्यापुरता दाब, त्याहून चिमूटभरही जास्त नाही. वरच्या सप्तकात हे आणखी नाजूक होतं. तारेची मोकळी लांबी ६० सेंटिमीटर धरली, तर पहिला अर्धस्वर सुमारे ३.४ सेंटिमीटरवर येतो. सप्तक संपतं ते बरोबर निम्म्यावर, ३० सेंटिमीटरला. आणि तिथून पुढचा अर्धस्वर जेमतेम १.७ सेंटिमीटरच्या अंतरावर असतो. वर जावं तशा पट्ट्या दाटत जातात आणि बोटाची लहानशी चूकही मोठी ऐकू येते. मात्र हाच दोष पुढं दागिना होतो. लांब स्वरावर बोटाचा दाब किंचित वाढवत-सोडत राहिलं की स्वर हलका झुलतो. बेंजोवर सतारीसारखी मींड निघत नाही. जे काही निघतं ते या झुलण्यातून, आणि नखी न मारता नुसतं शेजारचं बटण टेकवून घेतलेल्या कणस्वरातून. लावणीतल्या लाडिक जागा बेंजोवर निघतात त्या अशा.

डाव्या हाताचं एवढं झाल्यावर उजव्याची पाळी, आणि खरं तर बेंजोवाल्याची ओळख तिथं पटते. नखी अंगठा आणि तर्जनीत धरायची, टोक थोडंसंच बाहेर, मनगट सैल. खाली एक, वर एक. सतारीतले ‘दा’ आणि ‘रा’ हेच बोल इथं चालतात. आधी एका स्वरावर चार आघात, मग दोन, मग एक. प्रत्येक वेळी ‘दा’ मात्रेवरच पडला पाहिजे. आघात आणि बटण यांचा क्षण एक व्हावा लागतो. नखी आधी पडली तर मागचाच स्वर पुन्हा वाजतो, बटण उशिरा टेकलं तर तार झरझरते. दोन्ही हात स्वतंत्रपणे चांगले चालतात आणि एकत्र येताच भांडतात, हा अनुभव सगळ्यांचाच. त्यावर उपाय एकच: लय निम्म्यावर आणायची. मोबाईलवर तबल्याचा ठेका लावणारी ॲप फुकट मिळतात. आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा एवढ्यावर मिरवणुकीतली बरीचशी गाणी बसतात.

लांब स्वर हा बेंजोचा दुबळा भाग. पेटीत भाता चालू असेपर्यंत स्वर टिकतो. बेंजोची तार छेडली की लगेच विरायला लागते. म्हणून लांब स्वरावर नखी खाली-वर इतक्या वेगानं फिरवायची की आघात वेगळे ऐकू न येता सलग स्वर वाटावा. हे काम मनगटाचं. कोपरापासून हात हलवणारा दहा मिनिटांत दमतो, आणि वरात तर तासन्‌तास चालते. नखी घोडीजवळ पडली तर आवाज धारदार येतो, घोडीपासून दूर गेली तर गोलसर. भक्तिगीताला दूर, नाचाच्या गाण्याला जवळ, एवढा फरक केला तरी ऐकणाऱ्याला दोन वेगळी वाद्यं वाजल्यासारखं वाटतं.

पहिलं गाणं कोणतं घ्यावं यावर मास्तरांची मतं वेगळी असतात, पण चालू हिट गाण्यानं सुरुवात करू नये यावर एकमत दिसतं. भूप रागातले पाच स्वर, सा रे ग प ध, बरे पडतात: मध्यम आणि निषाद नसल्यानं बोटांना मोकळीक मिळते आणि चुकलेला स्वर चटकन कळतो. त्यानंतर गणपतीची आरती, कारण ती शिकणाऱ्याच्या कानात लहानपणापासून मुरलेली असते. आधी तोंडानं गायचं, मग वाजवायचं. नुसते बटणांचे क्रम पाठ करणाऱ्याला गायकानं पट्टी बदलली की काही सुचत नाही. काळी चारमध्ये बसवलेलं गाणं गायिकेनं पांढरी पाचमध्ये मागितलं तर सगळी बोटं हलतात. कानानं शिकलेला पोरगा सा कुठं गेला ते शोधतो आणि पुढं निघतो.

वाद्याची निगा हाही शिकण्याचाच भाग आहे. रोज बसताना एक तपासणी करायची: मोकळी तार छेडायची, मग बाराव्या अर्धस्वराचं बटण दाबून छेडायची. दुसरा स्वर पहिल्याचा नेमका वरचा सा असला पाहिजे. तो चढा आला तर घोडी बटणांपासून किंचित दूर सरकवायची, उतरता आला तर जवळ घ्यायची, आणि मोकळी तार पुन्हा मिळवायची. एवढं करूनही वरचा सा जुळला नाही तर तार जुनी झाली, बदलून टाकायची. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानं पुसायच्या, कारण घामानं त्या गंजतात. आणि सोलापूरच्या उन्हाचा हिशेब ठेवायचा. पोलाद तापलं की पसरतं, तार सैल होते, सूर उतरतो. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडं असताना सावलीत मिळवलेला बेंजो टेम्पोवर उन्हात नेला तर पहिल्याच गाण्यात बेसूर होतो. म्हणून जाणता मास्तर वाद्य आधी उन्हात नेऊन ठेवतो आणि थोड्या वेळानं मिळवतो.

रस्त्यावर आल्यावर आणखी एक अडचण येते, ती खोलीत कधीच दिसत नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. हलगीवाले नाचणाऱ्यांबरोबर पुढं सरकत ३४ मीटरवर गेले, तर त्यांचा ठोका बेंजोवाल्यापर्यंत सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. तो ऐकून वाजवलं तर बेंजो मागं पडतो. बेंजोचा भोंग्यातला आवाज पुढं पोचेपर्यंत आणखी उशीर झालेला असतो आणि हलगीवाले वैतागतात. मुरलेला वादक लांबच्या हलगीकडं कान न देता टेम्पोवरच्या ऑक्टोपॅडची लय धरतो. नव्या पोराला पहिली सुपारी वाजवायला देण्याआधी खोलीत दार लावून, साथीदारांना अंगणात उभं करून सराव घेतला तर ही सवय लवकर लागते.

रात्री दहानंतर मात्र भोंगा बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक वाजवता येत नाही, आणि बेंजो पार्टीला त्यातून वेगळी सूट नाही. रियाजाला त्याचा फायदाच होतो. बेंजोची वायर काढली की तो शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही इतका हळू वाजतो, आणि भोंग्याविना वाजवताना आपल्या बोटांच्या फटी आपल्याला ऐकू यायला लागतात. पूर्ण गाणी रेटण्यापेक्षा रोज अर्धा तास असा रियाज केला तर हात लवकर बसतो: दहा मिनिटं उतरते पलटे, दहा मिनिटं नखी, दहा मिनिटं एकाच गाण्याचा एकच अंतरा.

ज्याला शिकायचं आहे त्यानं लग्नसराईत मास्तरांच्या दारात जाऊ नये. ते भेटणार नाहीत आणि भेटले तरी दमलेले असतील. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त थांबतात, टेम्पो दारात उभा राहतो. तिथून गणेश चतुर्थीपर्यंत पावणेदोन महिने हातात असतात. नवा बेंजो घ्यायची घाई नको. पार्टीतला एखादा जुना मिळाला तर तारा बदलून तोच घ्यावा. दुकानातून घ्यायचाच झाला तर रंग आणि लाइटा बघण्याआधी बारावं बटण दाबून वरचा सा जुळतो का ते बघा. घोडी सरकवूनही जुळत नसेल तर तो बेंजो तिथंच ठेवा.