विश्लेषण : १४०० वर्षे कुणालाच वाचता न आलेले इजिप्तचे साहित्य पुन्हा बोलके कसे झाले?

इजिप्त म्हटले की पिरॅमिड, ममी आणि तुतनखामेनचा सोनेरी मुखवटा डोळ्यांसमोर येतो. पण याच देशात जगातील सर्वांत जुन्या कथांपैकी काही लिहिल्या गेल्या. पुढे लिपी बदलली, भाषा बदलली आणि त्या कथा वाचू शकणारा एकही माणूस उरला नाही. १८२२ नंतर त्या पुन्हा उलगडल्या आणि इजिप्तच्याच आधुनिक लेखकांनी त्यांना नव्याने जवळ केले. हा प्रवास नेमका कसा झाला?

सुरुवात कुठून झाली?

इजिप्तमधील सर्वांत जुने मोठे लेखन धार्मिक आहे. सक्कारा येथील उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये आतल्या भिंतींवर कोरलेले मंत्र इसवी सनपूर्व २३५० च्या सुमाराचे आहेत. मृत राजाचा परलोकातील प्रवास सुखाचा व्हावा, एवढाच त्यांचा हेतू होता. ज्याला आपण गोष्ट म्हणतो, ती त्यानंतर काही शतकांनी, ‘मध्य राज्या’च्या काळात बहरली. बेटावर अडकलेल्या खलाशाला महाकाय सर्प भेटतो, ती कथा याच काळातली. राजाच्या हत्येची बातमी कानावर पडताच घाबरून परदेशी पळालेल्या सिनुहे या अधिकाऱ्याची कथाही याच काळातली. परक्या मुलखात सिनुहेला मानमरातब, घरदार सगळे मिळते. म्हातारपणी मात्र त्याला एकच ओढ लागते, ती मायदेशी माती मिळण्याची. स्थलांतराची ही व्यथा लिहिली गेली सुमारे ३९०० वर्षांपूर्वी!

‘वाक्पटू शेतकऱ्या’ची कथा काय आहे?

त्याच काळातील ही कथा आजही ताजी वाटते. खुनअनुप नावाचा गरीब माणूस गाढवांवर माल लादून बाजाराला निघतो. वाटेत एक धटिंगण अरुंद रस्त्यावर कापड पसरून त्याची वाट अडवतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेत. गाढव शेतातले घासभर सातू खाते आणि तेवढ्यावरून धटिंगण सगळी गाढवे ताब्यात घेतो.

खुनअनुप दाद मागायला मोठ्या अधिकाऱ्याकडे जातो आणि न्याय म्हणजे काय, हे इतक्या सुंदर शब्दांत मांडतो की अधिकारी थेट राजाला कळवतो. राजाचा हुकूम येतो : त्याला उत्तर देऊ नका, बोलत राहू द्या आणि प्रत्येक शब्द लिहून घ्या. त्याच्या घरी धान्य पोहोचते करा, पण त्याला कळू देऊ नका. शेतकऱ्याला नऊ वेळा अर्ज करावा लागतो. तो चिडतो, मार खातो, हताश होतो. शेवटी न्याय मिळतो. पण गरिबाचे बोलणे आवडले म्हणून त्याला ताटकळत ठेवणारी ही सत्ता दयाळू की क्रूर, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतोच.

हे लेखन टिकले कसे?

याचे मोठे श्रेय शाळकरी मुलांना जाते. लेखनिक होणे ही प्रतिष्ठेची नोकरी होती आणि तिच्या प्रशिक्षणात जुने ग्रंथ उतरवून काढावे लागत. पपायरस महाग, म्हणून मुले खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर सराव करत. लक्सरजवळील देर अल-मदिना या कारागिरांच्या वस्तीत अशा हजारो कपच्या सापडल्या. त्यांत चुकांची रेलचेल आहे, पण याच चुकीच्या प्रतींमुळे अनेक मजकूर वाचले. इसवी सनपूर्व १२०० च्या सुमाराच्या एका पपायरसमध्ये तर थडगी कोसळतात, नाव टिकते ते पुस्तकामुळे, असे ठामपणे सांगितले आहे.

मग धागा तुटला कुठे?

पुस्तके उरली, वाचणारे संपले. ग्रीक आणि पुढे रोमन राजवटीत कारभाराची भाषा ग्रीक झाली. ख्रिस्ती धर्म पसरल्यावर इजिप्शियन भाषा ग्रीक मुळाक्षरांत लिहिली जाऊ लागली. हीच कॉप्टिक. भाषा जुनीच होती, पण लिपी नवी. जुन्या देवळांबरोबर जुनी लिपीही मागे पडली. चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख फिले येथील देवळात आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. रोजच्या वापरातील ‘डेमॉटिक’ लिपीचा शेवटचा ज्ञात लेखही तिथलाच, ४५२ सालचा. सातव्या शतकात अरब सत्ता आली आणि हळूहळू बोलीही अरबी झाली. कॉप्टिक उरली ती चर्चच्या प्रार्थनेत. आजच्या भाषेत सांगायचे तर फाइल जशीच्या तशी होती, ती उघडणारे सॉफ्टवेअरच नष्ट झाले होते.

कुलूप उघडले कसे?

१७९९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याला रोझेटा येथे एक शिळा सापडली. इसवी सनपूर्व १९६ मधील एकच फर्मान तिच्यावर चित्रलिपी, डेमॉटिक आणि ग्रीक अशा तीन लिपींत कोरले होते. ग्रीक वाचता येत होते, म्हणजे तुलनेला आधार मिळाला. १८२२ मध्ये फ्रेंच अभ्यासक झाँ फ्राँस्वा शाँपोलियाँ यांनी चित्रलिपीची रीत उलगडली. ही चिन्हे नुसती चित्रे नसून त्यांतील अनेक चिन्हे ध्वनी दाखवतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांना कॉप्टिक येत होती, म्हणून त्या ध्वनींतून शब्द ओळखता आले. प्रार्थनेपुरती उरलेली भाषा शेवटी किल्ली ठरली.

मधल्या काळात इजिप्तमध्ये काय लिहिले जात होते?

भरपूर, पण अरबीत. कैरो हे विद्येचे मोठे केंद्र होते. ‘हजार आणि एक रात्रीं’मधील अनेक कथा कैरोच्या गल्लीबोळांत आणि बाजारांत घडतात. कैरोतील बुलाक छापखान्याने १८३५ मध्ये या कथांची अरबी आवृत्ती छापली. आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’मधून हा कथासंग्रह मराठी वाचकांपर्यंत पोहोचला.

आधुनिक लेखकांनी जुना धागा कसा जोडला?

१९१३ च्या सुमारास मुहम्मद हुसेन हैकल यांची ‘झैनब’ ही कादंबरी आली. तिची गणना अरबीतील आरंभीच्या महत्त्वाच्या कादंबऱ्यांमध्ये होते. हैकल होते वकील, पण मुखपृष्ठावर त्यांनी स्वतःचे नाव न घालता ‘एक इजिप्शियन शेतकरी’ असे छापले.

नगीब महफूझ यांनी तर थेट प्राचीन कथांना हात घातला. त्यांची १९३९ मधील पहिली कादंबरी खुफू राजाबद्दलच्या एका प्राचीन पपायरसमधील भविष्यवाणीवर बेतलेली आहे. १९४१ मध्ये त्यांनी सिनुहेचे परतणे आपल्या कथेत नव्याने सांगितले. पुढे ते कैरोतील मध्यमवर्गीय कुटुंबांकडे वळले आणि १९८८ मध्ये नोबेल मिळवणारे पहिले अरबी लेखक ठरले. फेरोंची आणि इस्लामी अशा दोन संस्कृतींचे आपण अपत्य आहोत, असे त्यांनी नोबेल भाषणात म्हटले होते. १९७० मध्ये दिग्दर्शक शादी अब्देल सलाम यांनी ‘वाक्पटू शेतकऱ्या’वर लघुपट काढला. जी कथा चौदा शतके कुणी वाचली नव्हती, तिचा नायक आता पडद्यावर अरबीत बोलू लागला.

लेखनाची किंमत काय मोजावी लागली?

लहानपणीच दृष्टी गमावलेल्या ताहा हुसेन यांच्यावर १९२६ मध्ये इस्लामपूर्व काव्यावरील पुस्तकामुळे तक्रारी झाल्या. पुढे तेच शिक्षणमंत्री झाले. महफूझ यांची १९५९ मध्ये ‘अल अहराम’मध्ये क्रमशः आलेली कादंबरी इजिप्तमध्ये पुस्तकरूपात यायला २००६ उजाडले. त्याच कादंबरीच्या रागातून १९९४ मध्ये, ८२ व्या वर्षी, त्यांच्या मानेवर सुरीहल्ला झाला. ते वाचले, पण उजवा हात अधू झाला. नंतर त्यांनी स्वप्नांवर काही ओळींचे तुकडे लिहिले. नवाल अल सादावी यांना १९८१ मध्ये तुरुंगात टाकले गेले, तेव्हा त्यांनी भुवया रेखायच्या पेन्सिलीने टॉयलेट पेपरवर आठवणी लिहिल्या. २०१६ मध्ये कादंबरीकार अहमद नाजी यांना कादंबरीतील एका प्रकरणासाठी, सार्वजनिक सभ्यतेचा भंग केल्याच्या आरोपाखाली दोन वर्षांची शिक्षा झाली. खुनअनुपला नऊ अर्जांनंतर का होईना, दाद मिळाली होती. त्याच्या देशातील लेखकांना ती दर वेळी मिळालेली नाही.

वाचायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?

सिनुहेची कथा छोटी आहे. इंग्रजी अनुवाद तासाभरात वाचून होतो. त्यानंतर महफूझ यांनी लिहिलेली सिनुहेची कथा वाचावी. दोन्ही कथांमध्ये सुमारे ३८०० वर्षांचे अंतर आहे, भाषा वेगळी आहे, लिपी वेगळी आहे. घरी परतलेल्या माणसाच्या मनातली घालमेल मात्र दोन्हीकडे ओळखीची वाटते.